कामातून सुटलेला बैल घरी आणताय? या चुका टाळा

ट्रॅक्टर दारात आला की बैलजोडी बाजाराला, हे आता गावोगाव चाललंय. उसाच्या गाड्याही कमी होत चालल्यात, ट्रॉल्या आणि हार्वेस्टर आलेत. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे थकलेला बैल सांभाळणारं घर मिळणं फार गरजेचं झालंय. असं घर देणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण त्याच त्या चुका बघून जीव जळतो.

सगळ्यात वाईट चूक खाण्याची. "आयुष्यभर राबलाय, खाऊ दे की पोटभर." ओळखीतल्या एकांनी उसाच्या गाडीचा खिल्लार आणला, पोळ्याला अख्खी गल्ली पुरणपोळ्या, गहू, भरडा घेऊन आली आणि बैलाने समोर येईल ते खाल्लं. दुसऱ्या दिवशी रवंथ बंद, पोट गच्च, पातळ आंबूस शेण, दुपारी बैल खालीच बसला. त्यात एकजण त्याची मान वर ओढून बाटलीने तेल पाजायला निघाला, ते श्वासनळीत गेलं असतं तर संपलंच होतं! डॉक्टर वेळेत आले म्हणून वाचला. धान्य, पीठ जास्त गेलं की कोठीपोटात (बैलाच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटात) आम्ल तयार होतं, जनावर जातं. मी कडबा आधी टाकतो, बाकी सगळं नंतर. ४०० किलोच्या बैलाला ८-१० किलो वाळका चारा पुरतो, पेंड-भरडा मूठमूठ वाढवत दोनेक आठवडे घ्यायचे. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी बैल आणूच नये.

जोडी फोडू नका. वर्षानुवर्षं एकाच जुवाखाली चाललेला जोडीदार दिसेना की बैल हंबरत राहतो, वैरणीला तोंड लावत नाही. दोन्ही जमत नसतील तर शेजारी गाय तरी बांधा, आणि तो डावीकडे जुंपला जात असेल तर दावंही डावीकडेच ठेवा.

खुरांना ठोकलेल्या लोखंडी पत्र्या (नाल) काढून घ्या, डांबरी रस्ता सुटला की खूर वाढतात, ते वेळच्यावेळी कापायला लागतात.

गुळगुळीत फरशीवर बांधू नका.

दिवसभर दावणीला ठेवू नका, सकाळ-संध्याकाळ फिरवा.

बैल सारखं डोकं झटकतोय, शिंग एका बाजूला कलतंय, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतंय, तर "म्हातारपण आहे" म्हणून हळद लावत बसू नका, शिंगाचा कॅन्सर असू शकतो. लवकर कळलं तर शिंग काढून बैल वाचतो, त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा.