क्रॉसओव्हर घेण्याआधी गाडीखाली वाकून बघा

माझं अर्धं आयुष्य गाड्यांखाली गेलंय. गाडी रॅम्पवर चढली की जाहिरातीत न दिसलेलं सगळं डोक्यावर लटकत असतं. त्यामुळे कुणी "क्रॉसओव्हर, म्हणजे जीपसारखी दिसणारी उंच गाडी, घेऊ का?" असं विचारलं, की मी आधी सांगतो, शोरूममध्ये जाताना मोजायची टेप आणि टॉर्च घेऊन जा.

हे मला शिकवलं ताईच्या गाडीने. जाहिरातीत ती गाडी ओढ्यातून पाणी उडवत जायची आणि डोंगरमाथ्यावर जाऊन उभी राहायची. ताईने तीच गाडी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात ओल्या गवतावरचा एक साधा चढ चढताना पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरत राहिली. "अरे, ही फोर बाय फोर, चारही चाकं ओढणारी गाडी आहे ना?" तिने फोनवर विचारलं. दुसऱ्या दिवशी गाडी रॅम्पवर घेतली, ताईला खाली उभं केलं आणि टॉर्च मागे मारला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नव्हता. तो जोर दोन्ही मागच्या चाकांत वाटणारा डिफरन्शियलचा गोळाही नव्हता. होता तो दोन चाकांना जोडणारा एक आडवा बीम. डोंगरावर चढलेली गाडी सर्वांत वरच्या मॉडेलची होती, आणि तसं जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. ताईला ते वाचायला दोन सेकंदही मिळाले नव्हते.

म्हणून पहिलं काम हे करा. जाहिरात आवाज बंद करून बघा आणि मध्ये मध्ये थांबवा. तळाची ओळ वाचा. दाखवलेलं मॉडेल कोणतं आणि मोठ्या अक्षरातली किंमत कोणत्या मॉडेलची, हे ताडून बघा. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर ठेवला की कोणतीही गाडी धिप्पाड दिसते, हेही ध्यानात असू द्या. मग गेल्या महिन्यात तुम्ही गाडी कुठे कुठे नेली ते कागदावर लिहा. त्यात ओढा किती वेळा आला?

क्रॉसओव्हर मुळात मोटारच आहे. जुन्या दणकट जीपसारख्या गाड्यांना खाली शिडीसारखी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, असतो आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. क्रॉसओव्हरमध्ये मोटारीसारखंच चासी आणि बॉडी एकजीव असते. अशा सुरुवातीच्या गाड्या बघा: अमेरिकन मोटर्सची ईगल ही १९८० च्या सुमाराची, टोयोटाची रॅव्ह-४ १९९४ ची आणि होंडाची सीआर-व्ही १९९५ ची. ही सीआर-व्ही तर सिव्हिकच्या पायावरच उभी होती. यात कमीपणा काहीच नाही. एकजीव बॉडीची गाडी वळणावर स्थिर राहते आणि वजनालाही हलकी पडते. मला खटकतं ते एवढंच, की गाडी मोटार असते आणि जाहिरात जीपची असते.

पण काही वेळा उंची खरोखर वाढवलेली असते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सुबारू इम्प्रेझाचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, साधारण १३० मिलिमीटर आहे, आणि तिच्याच बॉडीवर बेतलेल्या क्रॉसट्रेकचा २२० च्या आसपास. नऊ सेंटिमीटर म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर वाचणं आणि फुटणं यातला फरक. तुम्हाला आवडलेल्या गाडीची हॅचबॅक बहीण शोधा आणि दोघींचा आकडा शेजारी मांडा. फरक दहा-पंधरा मिलिमीटरच निघाला, तर जादा पैसे काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे आणि छतावरच्या दांड्यांचे आहेत.

आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हे नक्की विचारा. शक्य असेल तर टेस्ट ड्राइव्हला घरची माणसं न्या, सगळ्यांना बसवा आणि टेप लावा. आधी पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला, मग चेंबरच्या गार्डला. बंपर पुढे लांब आलेला असेल, तर मधला क्लिअरन्स कितीही असो, चढाच्या तोंडाशी आधी बंपरच घासणार.

टॉर्च मारून शाफ्ट बघा. काही हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत मागच्या चाकांना वेगळी मोटर असते, तिथे शाफ्ट नसला तरी चारही चाकं ओढतात. दोन चाकं ओढणाऱ्या गाडीतही चिखल, बर्फ, वाळू असं लिहिलेलं बटण असू शकतं. ते मुख्यतः घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं आणि इंजिनाचा जोर आवरतं. मागच्या चाकांना जोर त्यातून मिळत नाही. आणि चारही चाकं ओढत असली, तरी गाडी लवकर थांबत नाही. थांबवतात ते ब्रेक आणि टायर.

टायरबद्दल जरा कळकळीने सांगतो. जाहिरातीत नेहमी मोठी अलॉय चाकं दिसतात. २१५/६५ आर १६ या, म्हणजे १६ इंची रिमच्या, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची १४० मिलिमीटर असते, १८ इंची रिमच्या २२५/५५ आर १८ ची १२४. खड्ड्याचा दणका पचवणारं रबर तेवढं कमी झालं. रिम वाकलेल्या आणि टायरला फुगा आलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यात मोठ्या चाकांच्याच जास्त. खराब रस्त्यासाठी गाडी घेत असाल, तर लहान चाकांचं मॉडेल मागा.

इंधनाचं गणित सोपं आहे. उंच गाडी वारा जास्त अडवते, आणि वेग ८० वरून १२० वर नेला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. हमरस्त्यावर रोज लांबचा प्रवास असेल, तर मी सरळ हॅचबॅक किंवा स्टेशन वॅगन घ्यायला सांगतो. डिकीचे लिटर कंपन्या कधी खिडकीच्या रेषेपर्यंत मोजतात, कधी छतापर्यंत, म्हणून घरची सगळ्यांत मोठी बॅग न्या आणि स्वतः उचलून आत ठेवा. ती किती वर उचलावी लागते तेही कळेल.

पुढचं दिसतं का, हेही तपासा. तुम्ही स्टिअरिंगवर बसा आणि कुणाला तरी बंपरसमोर बादली ठेवून हळूहळू गाडीपासून दूर सरकवायला सांगा. ती जिथे पहिल्यांदा दिसेल, तिथपर्यंतच्या जागेत उभं असलेलं लहान मूल तुम्हाला दिसेलच असं नाही. उंच बॉनेटच्या गाडीत ही जागा बरीच मोठी असू शकते.

एवढं बोलूनही ताईला मी गाडी विकायला सांगितलं नाही, त्याचं कारण आमची आई. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. माझ्या सेडानमध्ये ती हँडल धरून स्वतःला खाली सोडायची, आणि उतरताना मी दोन्ही हात धरून तिला ओढून काढायचो. ताईच्या गाडीत ती दाराशी पाठ करून उभी राहते, तशीच बसते आणि मग एकेक पाय आत घेते. मी टेप लावून बघितलं, सीटची कड जमिनीपासून ६४ सेंटिमीटर. सेडानची ४९. घरात कुणाला असा त्रास असेल, तर त्या माणसालाच शोरूममध्ये न्या आणि तीनदा चढ-उतार करायला लावा. सीट फार उंच नाही ना, दाराखालचा उंबरा फार रुंद नाही ना, हे त्यांच्या पायांनाच कळतं.

ताईने नंतर कंपनीने त्याच गाडीला दिलेल्या मापातली लहान चाकं बसवून घेतली. ओल्या गवतावर ती आता गाडी घालत नाही. आईला दर पंधरा दिवसांनी डॉक्टरकडे तीच नेते.