लॉन्सवरचं लग्न आणि अवकाळी पाऊस: नाशिककरांनी आधीच काय करून ठेवायचं

एप्रिल-मे मध्ये नाशकात लॉन्सवर लग्न, तेही गोरज मुहूर्तावर, म्हणजे अवकाळीला आपणच पत्रिका धाडल्यासारखं आहे. दिवसभर जमीन तापते, गरम हवा वर जाते, त्यात बाष्प असलं की चार-पाचनंतर ढग जमतात आणि नेमकं वऱ्हाड नटूनथटून निघायच्या टायमाला वाऱ्यासकट कोसळतं. पण हा काही श्रावणातला पाऊस नाही, बऱ्याचदा तासाभरात ओसरतो. तेवढा तास निघाला की झालं, सगळी तयारी त्याचीच करायची.

जमत असेल तर सकाळचा मुहूर्त घ्या, निम्मं टेन्शन तिथेच गेलं. नसेलच जमत तर गुरुजींना आधीच विचारून ठेवा की मंगलाष्टकं किती उशिरा घेतली तर चालतील, नाहीतर ऐन वेळी बोहल्यासमोर काका-मामांची मीटिंग भरते आणि नवरी बिचारी हार धरून उभी.

लॉन्स बघायला गेलं की सगळे स्टेज नि लायटिंग बघतात, तुम्ही त्याच आवारात पक्का हॉल आहे का ते बघा, आणि पाऊस आला तर तो आपल्यालाच मिळणार हे बुकिंगच्या पावतीवर लिहूनच घ्या, "होऊन जाईल भाऊ" वर जाऊ नका. उतार कुठे आहे तेही बघा, जेवणाची टेबलं वरच्या अंगाला लावायची. चालायच्या वाटेवर आधी कच टाकून मग मॅटिंग, कारण आपल्याकडची काळी माती एकदा भिजली की नऊवारीतल्या आज्यांची चप्पल तिथेच रुतते.

मंडपाला पावसापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. सपाट ताडपत्रीवर पाणी साचून पोट येतं आणि ती बांबूसकट खाली बसते, म्हणून ताडपत्री उतारावर ताणून बांधायला सांगा. कनातीत, म्हणजे बाजूच्या कापडी पडद्यांत, वारा भरला की तो अख्खा मंडप ओढतो, त्यामुळे वारं सुटलं की पहिल्यांदा कनाती सोडवून काढायच्या, आणि हे करायला मंडपवाल्याचा एक माणूस शेवटपर्यंत जागेवर हवा (तो जेवायला गेला की वारं सुटतंच!). फुलांची कमान, एलईडी स्क्रीन, स्पीकरचा टॉवर यांच्याखाली कुणाला आडोशाला उभं राहू देऊ नका. वायरचे जोड गवतावर नकोत, जनरेटरवर पत्रा हवा, आणि मेन स्विच बंद करायचं काम एकाच माणसाकडे द्या.

अंदाज बघायचा तर हवामान खात्याचाच बघा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा. आठवडाभर आधी मोबाईलमध्ये ढगाचं चित्र दिसलं म्हणून रडत बसू नका, त्या दिवशी दुपारपासून पुढच्या तीन तासांचा इशारा येतो तो कामाचा. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप घरातल्या एखाद्या पोराच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवा. गडगडाट ऐकू आला की माणसं हॉलमध्ये किंवा गाडीत, झाडाखाली अजिबात नाही, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर काढू नका. वरातसुद्धा थांबवायची, बँडवाले कितीही म्हणू देत.

रुखवत सगळ्यात आधी आत न्या. महिनाभर खपून केलेल्या कुरडया-पापडांचा डोलारा दमट हवेनेच मऊ पडून कलतो, पाऊस लागायची गरजच नाही.

आणि एक, निफाड, चांदवड, सिन्नरकडचे पाहुणे असतील तर एप्रिलात त्यांचा उन्हाळ कांदा काढून शेतात पडलेला असतो. आभाळ काळं झालं की त्यांचे फोन सुरू होतात, कागद टाकला का, कांद्याची पोळ (ढीग) झाकली का. अशांना अक्षतांची वाट बघायला न लावता पहिल्या पंगतीला बसवा आणि उठून निघाले तर रुसू नका, आहेराचं नंतर बघता येतं.