सह्याद्रीत टॅरंटुला दिसला? ओळख पटवताना या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की आंबोली, चोर्ला, कारवारकडे भटकून आलेल्यांच्या मोबाइलमध्ये एखाद्या दांडग्या, केसाळ कोळ्याचा फोटो हमखास असतो. पाठोपाठ प्रश्न येतो, "ही कुठली प्रजाती?" बऱ्याचदा त्याचं उत्तर देताच येत नाही. फोटोत ओळखीची खूण आलेली नसते, जागेची नोंद नसते, आणि इंटरनेटवर मिळालेलं एखादं नाव डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पश्चिम घाटातल्या टॅरंटुलांचा अभ्यास अजून चालूच आहे. 2014 साली एकाच शोधनिबंधात इथून एक नवं जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) आणि पाच नव्या प्रजाती जगासमोर आल्या. अशा प्रदेशात एका पर्यटकाची नीट नोंदसुद्धा मोलाची ठरते. ती वाया जाते तेव्हा मनापासून वाईट वाटतं.

मोठा आणि केसाळ म्हणजे टॅरंटुला, हे गृहीत धरू नका

होमस्टेच्या भिंतीवर किंवा बाथरूममध्ये दिसणारा, खेकड्यासारखे पाय दोन्ही बाजूंना पसरून चपटा बसलेला कोळी बहुतेक वेळा हंट्समन असतो. त्याची मादी चपटी पांढरी अंडीपिशवी पोटाखाली धरून फिरते. रात्री टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरल्यावर गवतात हिरवट ठिणगीसारखे डोळे चमकले, तर तो वुल्फ स्पायडर. पाठीवर पिल्लांचा ढीग घेऊन चालणारी मादीही त्याचीच. टॅरंटुलाचे आठही डोळे बारीक असतात आणि डोक्यावरच्या एका छोट्या उंचवट्यावर दाटीने बसलेले असतात.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे विषदंत. हंट्समन आणि वुल्फ स्पायडरचे दात चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात. टॅरंटुलाचे दात एकमेकांना समांतर असतात आणि वरून खाली रोवले जातात. पण मातीच्या बिळाला झाकण करून राहणाऱ्या ट्रॅपडोअर कोळ्यांचे दातही तसेच असतात, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. पायांची टोकं पाहा. टॅरंटुलाच्या पावलांखाली दाट केसांची गादी असते आणि टोक बोथट, भरीव दिसतं. ट्रॅपडोअर कोळ्याचं अंग जास्त तुळतुळीत आणि पायांची टोकं निमुळती असतात.

रंगावरून नाव ठरवू नका

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कात टाकायला आलेला टॅरंटुला मळकट तपकिरी दिसतो, आणि कात टाकल्यावर तोच गडद, मखमली होतो. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये तपकिरी अंगावर जांभळी किंवा निळी झाक येते. मग कुणीतरी "पोइसिलोथेरिया मेटॅलिका सापडला" असं जाहीर करून टाकतं.

मेटॅलिकाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ आर. आय. पोकॉक यांनी 1899 साली या निळ्या कोळ्याचं वर्णन केलं ते आंध्रातल्या गुटी इथे, रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला सापडला नाही. 2001 मध्ये तो पुन्हा दिसला, पण गुटीपासून बराच लांब, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. पहिला नमुना बहुधा लाकडाबरोबर रेल्वेने गुटीला पोचला असावा. आज तो अतिसंकटग्रस्त आहे आणि त्याचं ज्ञात घर म्हणजे पूर्व घाटातला तेवढाच छोटा पट्टा. तेव्हा आंबोलीत निळसर काही दिसलं, तर आधी फ्लॅश बंद करून आणखी एक फोटो काढा.

फक्त पाठीचा फोटो पुरत नाही

आपल्याकडच्या झाडांवर राहणारा पोइसिलोथेरिया रेगॅलिस घ्या. वरून पाहिलं तर राखाडी-पांढऱ्या नक्षीचा, झाडाच्या सालीत मिसळून जाणारा कोळी. या जीनसमधल्या अनेक प्रजाती वरून जवळपास अशाच दिसतात. खऱ्या खुणा असतात खालच्या अंगाला: पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचा पिवळाजर्द रंग आणि पोटाखालचा फिकट आडवा पट्टा. कोळी खिडकीच्या काचेवर बसला असेल तर दुसऱ्या बाजूला जाऊन फोटो घ्या. अशी संधी सहसा मिळत नाही. मात्र खालची बाजू दिसावी म्हणून त्याला डिवचू किंवा उलटवू नका. हा कोळी विजेसारखा पळतो, आणि त्याच्या चाव्याने स्नायूंना पेटके येतात, ते कधी काही दिवस टिकतात. चावलाच तर जखम साबणाने धुवा आणि डॉक्टरकडे जा.

वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो घ्या. एकात अंदाजासाठी शेजारी, जरा अंतरावर, नाणं किंवा पेन ठेवा. तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकंही स्पष्ट येऊ द्या. तिथे फुगीर गोंडे दिसले तर तो वयात आलेला नर. पावसाळ्यात रस्ता ओलांडताना दिसतात ते बहुतेक हेच, मादीच्या शोधात निघालेले. नर अंगाने सडपातळ आणि लांब पायांचा असतो, त्यामुळे त्याच प्रजातीच्या मादीच्या फोटोशी तो जुळत नाही.

बीळ सोडून नुसत्या कोळ्याचा फोटो काढू नका

कोळी झाडाच्या ढोलीत होता, दगडाखाली होता, की रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत? अर्धी ओळख इथेच पटते. पोइसिलोथेरिया झाडांच्या ढोल्यांत आणि सालीच्या फटींत राहतो. गोवा आणि उत्तर कन्नडच्या घाटरस्त्यांवर दरडीतल्या बिळांत थ्रिग्मोपियस या जीनसचा टॅरंटुला मिळतो. बिळाच्या तोंडाभोवती रेशमाचा भरपूर पसारा असेल तर किलोब्रॅकिस या जीनसचा विचार करा. बिळाच्या तोंडाचा आणि आजूबाजूच्या जागेचा फोटो हवाच. गाव, तारीख आणि वेळ तिथल्या तिथे लिहून ठेवा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतून ही माहिती गळून पडते.

बिळात काडी घालणं किंवा ते खणणं अजिबात नको. मादी वर्षानुवर्षं एकाच बिळात राहते. ते मोडलं की ती उघड्यावर पडते.

परदेशी माहिती इथे लावू नका

"जवळ जाऊ नका, केस उडवतो" हा सल्ला अमेरिका खंडातल्या टॅरंटुलांसाठी आहे. पोटावरचे खाजरे केस उडवणारे टॅरंटुला तिकडचेच, भारतातल्या एकाही प्रजातीत ते नाहीत. फोटोवरून ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपने सुचवलेलं पहिलं नावही डोळे मिटून घेऊ नका. ज्यांचे फोटो जास्त, तीच नावं अ‍ॅप पुढे करतं. मुंबईतल्या आरे कॉलनीवरून नाव पडलेल्या हेटरोफ्रिक्टस आरेयेन्सिससारख्या मोजक्या फोटोंच्या कोळ्याला तिथे कोण विचारणार?

फोटोवरून जीनस कळलं तरी भरपूर झालं. प्रजाती पक्की करायला नराच्या पाल्पचं (तोंडाजवळच्या त्या आखूड पायाचं) टोक आणि मादीची शुक्रकोशिका (शुक्राणू साठवण्याची पिशवी) सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. "थ्रिग्मोपियस, प्रजाती अनिश्चित" ही पूर्ण प्रामाणिक नोंद आहे. ओढूनताणून दिलेल्या नावापेक्षा अभ्यासकाला ती जास्त उपयोगी पडते.

नेमकी जागा जगजाहीर करू नका

आपले टॅरंटुला पाळण्यासाठी चोरून परदेशात विकले जातात. याच व्यापारामुळे 2019 मध्ये संपूर्ण पोइसिलोथेरिया जीनस साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं. रील टाकताना ढोलीचं झाड ओळखू येईल असं दृश्य आणि लोकेशन टॅग दोन्ही वगळा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना 'ऑब्स्क्युअर्ड' हा पर्याय निवडा. मग लोकांना वीसेक किलोमीटरच्या चौकोनातला अंदाजे ठिपका दिसतो आणि नेमकी जागा तुमच्याकडेच राहते. कोळ्यांवर काम करणाऱ्या अभ्यासकाने ती मागितली, तर त्याला वेगळी कळवा.