व्हेनिसमध्ये ‘भारताचं प्रतिनिधित्व’: पैसे भरण्याआधी हे वाचा

‘अभिनंदन! व्हेनिसमधल्या प्रदर्शनासाठी भारतातून आपली निवड झाली आहे,’ असा मेल आला असेल, तर आधी आठवून बघा, आपण अर्ज कधी केला होता? मी केलाच नव्हता. तरी ‘निवड’ झाली, आणि सहभाग शुल्क भरायला बाबांनी ठेव मोडली. कुरियर आणि विम्याचा खर्च वेगळा. गावात शाल-श्रीफळ, पेपरात बातमी, सगळं झालं.

बिएनाले म्हणजे इटलीतल्या व्हेनिसमध्ये दर दोन वर्षांनी भरणारं मोठं आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन. त्या काळात व्हेनिसमध्ये नक्की काय काय चालतं हे नीट समजून घ्या, कारण फसगत तिथेच होते. बिएनालेने नेमलेल्या क्युरेटरचं, म्हणजे कामं निवडून प्रदर्शन मांडणाऱ्याचं, मुख्य प्रदर्शन असतं. देशांची अधिकृत दालनं असतात. ती त्या त्या देशाच्या सरकारमार्फत होतात, आणि प्रतिनिधित्व म्हणायचं ते फक्त यालाच. शिवाय बिएनालेने मान्यता दिलेले समांतर उपक्रम असतात. भारताच्या चित्रकार-कलाकार शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानचे रशीद राणा यांचं 2015 चं एकत्र प्रदर्शन त्यातलं. याखेरीज त्याच महिन्यांत कुणीही शहरात हॉल भाड्याने घेतो, कलाकारांकडून पैसे घेतो आणि चित्रं टांगतो. बिएनालेशी त्याचा काडीचा संबंध नसतो. माझं चित्र लागलं ते अशाच एका हॉलमध्ये. दोन्ही बाजूंच्या चित्रांत वीतभरही अंतर नव्हतं, आणि खालच्या पट्टीवर माझ्या नावापेक्षा ‘इंडिया’ ठळक होतं.

अधिकृत दालनातही घोटाळे झालेत. 2015 मध्ये केनियाच्या दालनासाठी बहुतेक चिनी कलाकार निवडले गेले. केनियातले कलाकार खवळले आणि तिथल्या सरकारने हात झटकले. म्हणून पत्रावर देशाचं नाव दिसलं म्हणजे झालं, असं समजू नका. बिएनालेच्या संकेतस्थळावर सहभागी देशांची आणि समांतर उपक्रमांची यादी असते. आयोजकाचं नाव त्यात नसेल, तर विषय संपला.

‘पैसे गेले तरी बायोडेटात एक ओळ वाढते,’ असं सांगणारे गुरू भेटतील. त्यांचं ऐकू नका. क्युरेटर ती ओळ ओळखतात. स्पर्धांच्या याद्या पाठवणाऱ्या दहा सरांपेक्षा तुमच्या कामासमोर तासभर उभं राहून ‘हे असं का?’ विचारणारा एक माणूस धरा.

आणि घाबरू नका, खरा रस्ता आहे. भारताचं 2019 चं दालन बघा. अतुल दोडियांचं काम 2002 चं, जितीश कल्लाट यांचं 2012 चं. शकुंतला कुलकर्णींची वेताची चिलखतंही आधीच तयार झालेली. व्हेनिससाठी म्हणून यांपैकी कुणी धावाधाव केली नव्हती. विषय गांधींचा ठरला आणि क्युरेटर रुबिना करोडे या कामांपर्यंत पोचल्या. वर्षानुवर्षं केलेलं काम लोकांनी पाहिलेलं होतं. तुमचंही आधी इथे दिसू द्या. कोचीच्या बिएनालेत विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग असतो, निदान तो बघून या. मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शनाची तारीख लवकर मिळत नाही म्हणून खचू नका.

पैसे भरून झाले असतील, तर चित्र तरी पाठवू नका. ते परत आणायचा खर्चही तुमच्याच माथी बसतो. आणि चित्र गेलंच असेल, तर बायोडेटात ‘समूह प्रदर्शन, व्हेनिस’ एवढंच लिहा. बिएनालेचं नाव घालू नका.