फ्लेमिंगो मोजले, आता डायव्हर्सिटी कशी काढायची?

ऐरोलीला ठाणे खाडीवर जाऊन आलं की ग्रुपवर टाकतात "आज 22 स्पिसीज!" आणि विषय संपला. पण त्यातले 21 एकेक-दोनदोनच दिसले आणि बाकी सगळा फ्लेमिंगोचा थवा, तर नुसत्या 22 वरून काय कळणार? त्यासाठी शॅनन इंडेक्स, म्हणजे डायव्हर्सिटी (विविधता) मोजणारा एक आकडा, काढायचा. 1948 मध्ये क्लॉड शॅननने हे गणित मांडलं ते पक्ष्यांसाठी नाही, मेसेज पाठवण्याच्या अभ्यासासाठी, पण आपल्याला चालतं. डोळे मिटून मोजलेल्या सगळ्या पक्ष्यांतला एक उचलला तर तो कोणता निघेल हे ओळखणं जितकं कठीण, तितका आकडा मोठा, एवढंच डोक्यात ठेवा.

खरी मेहनत मोजणीत आहे. ओहोटीला फ्लेमिंगो चिखलात चरत असतात, भरती आली की उडून नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीकडे सरकतात, म्हणजे सकाळी इथे आणि दुपारी तिथे मोजलेत तर तेच पक्षी दोनदा धरले जातात आणि मग पुढचं गणित कितीही बरोबर असलं तरी फुकट. एकच जागा, एकच वेळ, आणि भरतीचं टाइमटेबल बघून निघा.

आता एक्सेल. समजा खाडीवर 100 पक्षी: फ्लेमिंगो 90, शेकाट्या 4, बगळे 3, तुतवार 2, खंड्या 1. प्रत्येकाला एकूणने भागा, म्हणजे 0.90, 0.04 असं. मग प्रत्येक आकडा गुणिले त्याचाच नॅचरल लॉग (एक्सेलमध्ये एलएन), सगळ्याची बेरीज, आणि पुढचं मायनस काढून टाका. उत्तर येतं 0.45. इथे बरेच जण एलएनऐवजी नुसतं लॉग टाइप करतात, एक्सेल त्याचा बेस 10 धरतं आणि उत्तर निम्म्याहून कमी येतं (मी पूर्ण एक सीझन हेच केलं, कुणाला सांगू नका). जो पक्षी दिसलाच नाही त्याची शून्याची ओळ ठेवू नका, एरर येतो.

आता ठाण्यातली एखादी सोसायटीची बाग घ्या: कावळे 30, कबुतरं 25, साळुंक्या 20, बुलबुल 15, शिंजीर 10. पाचच स्पिसीज, पण इंडेक्स 1.54! पाच स्पिसीजना जास्तीत जास्त 1.61 मिळू शकतो, सगळे सारखे असले तर. आकडा डोक्यात शिरत नसेल तर त्याला एक्सेलमध्ये ईएक्सपी (नॅचरल लॉगचं उलट) लावा: खाडी 1.6, बाग 4.7, म्हणजे सारख्या संख्येच्या तेवढ्या स्पिसीज असल्यासारखं.

मग बाग खाडीपेक्षा भारी का? अजिबात नाही, इंडेक्सला कबुतर आणि फ्लेमिंगो सारखेच, आणि 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली ती काही या आकड्यावर नाही. खाडीची तुलना खाडीशीच, गेल्या जानेवारीची या जानेवारीशी, तीच जागा आणि तीच भरती. आणि मूळ मोजणीची शीट डिलीट करू नका, 0.45 वरून 90 फ्लेमिंगो परत काढता येत नाहीत.