इंदूरचा ढीग: घरच्या कचऱ्याला ताप आणायचा कसा

परवा शेजारच्या वहिनींनी आमच्या अंगणातल्या कंपोस्टच्या ढिगात खुपसलेली लोखंडी सळई उपसली, हातात धरली आणि "आई गं" करून लगेच सोडून दिली. त्यांना वाटलं मी खाली निखारे पुरलेत. निखारे वगैरे काही नाही, सात दिवसांपूर्वीची फ्लॉवरची पानं, उसाचं चिपाड, कडुलिंबाचा पाला आणि शेण, बस. एवढी गरमी कुठून आली हे त्यांना सांगता सांगता अर्धा तास गेला, म्हटलं आता लिहूनच टाकू.

आधी एक प्रश्न, जो सगळे विचारतात. इंदूरमध्ये रोज सकाळी गाडी येते, ओला कचरा वेगळा घेऊन जाते, शहराच्या कडेला देवगुराडियाला २०२२ मध्ये रोज ५५० टन कचऱ्याचा बायोगॅस प्लांट सुरू झाला, मग घरी ही उठाठेव कशाला? तर माझं उत्तर सोपं आहे, मला कुंड्यांसाठी खत पाहिजे आणि बाजारातलं खत मला पटत नाही. दुसरं म्हणजे ही पद्धत आपल्याच गावाची आहे हो! जगभर शेतीच्या पुस्तकांत कंपोस्टची "इंदूर पद्धत" शिकवतात आणि आपल्या इथे पोह्याच्या ठेल्यावर दहा जणांना विचारा, एकालाही माहीत नसतं.

थोडक्यात गोष्ट अशी की अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होता, होळकर संस्थानानं दिलेल्या जमिनीवर त्यानं इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री चालवली, जिथे आज कृषी महाविद्यालय आहे तीच जागा. तिथे ही पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तक आलं, त्या पुस्तकावर हॉवर्डबरोबर दुसरं नाव आहे यशवंत वाड. आपला मराठी माणूस! १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा हे काम बघायला मुद्दाम तिकडे गेले होते. असो, आता कामाला लागू.

आधी हे डोक्यात पक्कं करा

खत आपण करत नाही. खत करतात ते जिवाणू आणि बुरश्या, आणि त्यांची तिथे एक अख्खी वस्ती असते, एकाचं उष्टं दुसरा खातो, एक जण गरमी वाढवतो आणि त्याच गरमीनं स्वतःच मरतो, मग त्याच्या जागी गरमी सोसणारा दुसरा येतो. आपलं काम फक्त तीन गोष्टी बघायच्या, त्यांना खायला काय, प्यायला किती आणि श्वास मिळतोय का. बास. माझा पहिला ढीग फसला तो याच्यामुळेच, मी महागाची "कल्चर पावडर", म्हणजे जिवाणूंची विकतची पूड, आणून टाकली, डबा घट्ट बंद केला आणि तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर असा वास की आमच्याकडे दोन दिवस कुणी अंगणात चहाला बसलं नाही. पावडरीचा दोष होता की नाही देव जाणे, हवा नव्हती हे मात्र नक्की. आणि खरं सांगायचं तर पावडर लागतच नाही, चमचाभर चांगल्या मातीत अब्जावर जिवाणू असतात, पाल्यावर असतात, भाजीच्या सालीवर असतात, बोलावणं करायची गरज नाही, ते आलेलेच असतात.

सामान गोळा करा, रोज रोज टाकू नका

ही पहिली पायरी आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. रोज वाटीभर साली टाकल्या तर ढीग कधीच तापत नाही, कुजतो, पण रडतखडत. तापायला आकार लागतो, साधारण तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच, म्हणजे मधली गरमी बाहेर निघून जाणार नाही. एका घराचा कचरा त्याला पुरत नाही म्हणून मी शेजारची दोन घरं धरलीत, तिघींच्या बादल्या आठ-दहा दिवस साठवतो, प्रत्येक थरावर मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा म्हणजे वास येत नाही. भाजीवाल्या भैयाकडून फ्लॉवर-कोबीची पानं फुकट मिळतात, भुट्ट्याच्या दिवसांत कणसांची सालं, रसवाल्याकडून चिपाड. सुका पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये गोळा करून पोत्यात भरून ठेवायचा, तेव्हा पिंपळ आणि कडुलिंब दोघंही झडतात, नंतर शोधत बसावं लागतं.

आता प्रमाण. ओलं एक भाग तर सुकं दोन भाग, घमेल्यानं मोजा, वजन करत बसू नका. यामागचं कारण असं की या जिवाणूंना कार्बन लागतो ऊर्जेसाठी आणि नायट्रोजन लागतो अंग बनवायला, एक भाग नायट्रोजनला साधारण तीस भाग कार्बन असला की त्यांचं जेवण बरोबर जमतं. भुसा, पाला, चिपाड यात कार्बन भरपूर, भाजीच्या साली आणि शेणात नायट्रोजन. नुसत्या साली टाकल्या तर जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, नुसता पाला टाकला तर दोन वर्षं तसाच पडून राहतो. पोळी-भाताबरोबर खायला वरण का लागतं तसंच काहीसं.

काय टाकायचं नाही: उरलेली सेव, तळलेलं, मांस-मासे, दूध-दही जास्त प्रमाणात. तेलकट गोष्टी पाण्याला आणि हवेला जवळ येऊ देत नाहीत आणि उंदीर मात्र आमंत्रण दिल्यासारखे येतात. नारळाची शेंडी टाकू शकता पण ती खतात शेवटपर्यंत नारळाची शेंडीच राहते.

तोडा, ठेचा

मोठे तुकडे नकोत, बोटभर ठीक. हॉवर्डच्या शेतावर कापसाच्या पळाट्यांसारखं कडक सामान चक्क बैलगाडीच्या रस्त्यावर पसरायचे, चाकाखाली आपोआप ठेचलं जायचं. आमच्याकडे स्कूटर वापरून बघितली, जमत नाही. कोयत्यानं करा.

रचणं

जागा सावलीची आणि पाणी न साचणारी. विटा एकमेकींमध्ये फट ठेवून तीन बाजूंनी रचा, सिमेंट लावू नका. सगळ्यात खाली जाड काड्या आणि चिपाड, कारण हवा खालून वर जाते, आत गरम झालेली हवा वर उठते आणि खालची थंड हवा ओढून घेते, चुलीसारखंच. मग सुकं, ओलं, शेण पातळ करून शिंपडलेलं, मूठभर काळी माती, चिमूटभर लाकडाची राख, आणि परत सुकं. राख हॉवर्डसुद्धा घालायचा, सुरुवातीला साली आंबून जे आम्ल तयार होतं ते जरा मोडतं. कोळशाची राख किंवा जाळलेल्या प्लास्टिकची राख चालणार नाही.

शेणाबद्दल जरा थांबून सांगते. शहरात आता गोठे दिसत नाहीत, शेण आणायला बायपासच्या पलीकडे जावं लागतं, तर लोक विचारतात शेणाशिवाय चालेल का. चालेल. पण शेण म्हणजे काय ते बघा, गाय स्वतः गवताचा सेल्युलोज पचवू शकत नाही, तिच्या पोटात, ३९ अंशांच्या आसपासच्या त्या उबदार आणि बिनहवेच्या हौदात, जिवाणू आणि बुरश्या ते गवत तिच्यासाठी फोडतात, गाय त्यांना घर आणि चारा देते, ते तिला जेवण देतात. शेणातले बिनहवेत जगणारे जीव आपल्या हवेशीर ढिगात फार टिकत नाहीत, त्यामुळे "शेणातले जिवाणू सगळं काम करतात" हे पूर्ण खरं नाही, पण शेणात ओल असते, नायट्रोजन असतो आणि थोडे हट्टी, बीजाणू म्हणजे टणक कवच करून तग धरणारे जिवाणू असतात जे हवेतही उठून कामाला लागतात. शेण नसेल तर कुणाच्या जुन्या खताचं एक घमेलं मागून आणा, माझ्या मते ते शेणापेक्षा चांगलं विरजण आहे.

पाणी: मूठ दाबून बघा

ढिगातलं सामान मुठीत घेऊन जोरात दाबा. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त, हात कोरडाच राहिला तर कमी. हे सगळे जीव पाण्याच्या पातळ थरात राहतात, पाणी नसेल तर झोपून जातात, आणि पाणी जास्त झालं तर फटींमधली हवा निघून जाते आणि मग दुसरीच मंडळी जागी होतात, ज्यांना हवा नको असते, ती सडक्या अंड्याचा वास काढतात. माझ्या त्या पहिल्या डब्यात तेच झालं होतं.

आपल्या मालव्याचा पावसाळा लक्षात ठेवा. इंदूर पद्धत मुळात खड्ड्यातली, साधारण दोन फूट खोल, पण पावसाळ्यात खड्डा म्हणजे विहीर होते, म्हणून त्या दिवसांत हॉवर्ड-वाडांच्या शेतावरही ढीग जमिनीच्या वर घालायचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुम्ही पण वरच घाला आणि वर जुनं पोतं टाका, प्लास्टिक नको.

ताप बघा

आता मजा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सळई मधोमध खुपसा, दहा मिनिटांनी काढा. पहिले दोन दिवस कोमट, कारण साखर आणि स्टार्च खाणारे जिवाणू कामाला लागलेत, ते खातात, श्वास घेतात, त्यातून गरमी निघते आणि ढिगाच्या पोटात अडकून राहते. ४५ अंशांच्या आसपास या मंडळींना झेपेनासं होतं आणि गरमी आवडणारे येतात, मग ढीग ६०-६५ पर्यंत जातो, सळई हातात धरवत नाही. वहिनींचा हात भाजला तो हाच टप्पा. हा ताप चांगला असतो, ५५ च्या वर सलग तीनेक दिवस राहिला की बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी मरतं, फक्त ते मधल्या भागापुरतं, कडेचं सामान थंडच असतं, म्हणूनच पलटी मारायची असते. सत्तरच्या वर गेलं तर मात्र उपयोगाचेही मरायला लागतात, तेव्हा ढीग उघडून थोडं पाणी मारा.

चार-पाच दिवसांत काहीच गरम झालं नाही? एक तर ढीग छोटा आहे, नाहीतर कोरडा, नाहीतर सुकं जास्त झालंय. डिसेंबरच्या थंडीत मला दोन दिवस जास्त लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पलटी

पंधरा दिवसांनी पहिली, त्यानंतर पंधरा दिवसांनी दुसरी, मग आणखी महिन्यानं तिसरी. बाहेरचं आत, आतलं बाहेर. पहिल्या पलटीला कडेच्या थरात पांढरं जाळं किंवा राख सांडल्यासारखं काहीतरी दिसेल, लोक घाबरून फोन करतात "बुरशी लागली!" अहो लागू द्या. ती बुरशी आणि तिच्यासारखे दिसणारे तंतूवाले जिवाणू, अ‍ॅक्टिनोमायसिट्स, हेच तर चिपाड आणि काड्यांमधलं कडक सामान फोडतात, जे बाकीच्यांच्या दाताला लागत नाही. मधे खूप गरम असतं म्हणून बुरशी कडेला सरकते, ढीग निवला की परत आत येते.

वास येत असेल तर वासावरूनच औषध. नाक झोंबलं तर नायट्रोजन जास्त, भुसा घाला. सडका वास आला तर हवा कमी, उलटा आणि काड्या घाला. पांढुरक्या जाड अळ्या दिसल्या तर त्या बहुधा सोल्जर माशीच्या असतात, चावत नाहीत, उलट खातात भरपूर, मी त्यांना राहू देते, आमच्या धाकटीला मात्र त्या बघवत नाहीत म्हणून वर सुका पाला टाकते.

झालं का?

साधारण ९० दिवस धरा. ढीग अर्ध्याहून कमी होतो, गार पडतो, रंग काळपट, आणि पहिल्या पावसाचा वास येतो. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, तेच अ‍ॅक्टिनोमायसिट्स तो बनवतात. तरीही खात्री करा: ओलसर मूठभर खत बंद पिशवीत तीन दिवस ठेवा, उघडल्यावर आंबट किंवा झोंबरा वास आला तर अजून कच्चं आहे. दुसरी परीक्षा, एका कपात ते खत आणि एका कपात साधी माती घेऊन दोन्हीत मोहरी पेरा. खतातली उगवलीच नाही किंवा पिवळी पडली तर थांबा. कच्चं खत कुंडीत घातलं की त्यातले भुकेले जिवाणू मातीतलाच नायट्रोजन खेचून घेतात आणि झाड उपाशी राहतं, लोक म्हणतात "खत घातलं आणि झाड पिवळं पडलं", ते हेच.

कुंडीत घालताना

एक भाग खत, तीन भाग माती. नुसत्या खतात लावू नका आणि याला एक कारण आहे जे हॉवर्डला फार जवळचं होतं. बहुतेक झाडांच्या मुळांत एक बुरशी शिरून राहते, मायकोरायझा, ती मुळाच्या पलीकडे लांबवर धागे पसरते आणि फॉस्फरस आणून देते, झाड बदल्यात तिला साखर देतं. ही बुरशी तापलेल्या ढिगात टिकत नाही, ती येते मातीतून, म्हणून चांगल्या बागेतली मूठभर माती मुळाजवळ जरूर टाका आणि वर सुपर फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं रासायनिक खत, ओतू नका, झाडाला फॉस्फरस आयता मिळाला की ते बुरशीला दाराशी उभं करत नाही. मेथी, वांगी, मिरची, टोमॅटो, सगळ्यांना ती लागते. मुळा, कोबी, मोहरी या घराण्यात मात्र तिला जवळपास थारा नाही, तेव्हा मुळ्याच्या कुंडीत या माती-प्रकरणाची काळजी करू नका.

आणि सगळं खत वापरून टाकू नका, एक घमेलं पोत्यात ओलसर ठेवा, पुढच्या ढिगाला विरजण लागेल. माझं या वेळचं वहिनी घेऊन गेल्यात, सळईसकट.