तिजोरी येण्याआधी

तिजोरी कोणती घ्यायची यावर आमच्या घरात दोन महिने खल झाला. ती बसणार कुठे, हा प्रश्न ती टेम्पोतून खळ्यात उतरल्यावर निघाला. गुहागरजवळच्या आमच्या जुन्या घरात माजघराचं दार कोणी मोजलंच नव्हतं. तीनशे किलोचं ते धूड चार दिवस ताडपत्रीखाली खळ्यात बसून राहिलं आणि अख्खी वाडी येऊन त्यावर हात फिरवून गेली. चोरापासून लपवायची वस्तू आम्ही दर्शनाला मांडली. म्हणून ही यादी. यातली बहुतेक कामं तिजोरी गावात पोचण्याआधीची आहेत.

पहिलं म्हणजे महिना ठरवा. जून-जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी, एप्रिल-मेमध्ये आंबा; गणपतीत तर कोणाला कामाचं विचारूच नये. माणसं हाताशी असतात ती डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा वाटेतली लाल माती घट्ट असते, टेम्पो रुतत नाही.

मग जागा. जुन्या घरात माळ्याचा विचारही नको. स्लॅबच्या घरातही शक्यतो तळमजलाच धरा. राहत्या घराच्या स्लॅबवर साधारण दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरतात. दोन बाय दोन फूट बुडाची ३०० किलोची तिजोरी आपल्या बुडाखाली त्याच हिशेबाने दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलो टाकते. भार आजूबाजूला वाटला जातो, त्यामुळे स्लॅब लगेच खाली येत नाही. पण वर ठेवणं भागच असेल तर खोलीच्या मधोमध नको, बीमवर, भिंतीलगत, आणि तेही इंजिनिअरला दाखवून. मला स्वतःला बाळंतिणीची खोली पसंत आहे. एकच दार, आत अंधार, पाहुणा तिकडे फिरकत नाही. फक्त तिची भिंत न्हाणीघराला लागून नाही ना, ते बघा. घर नदी-खाडीच्या काठी असेल तर आजवरचं पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्यांना विचारा. चिपळूणकरांना विचारावंही लागणार नाही, २२ जुलै २०२१ चा महापूर त्यांच्या भिंतींवर लिहिलेला आहे. आगीला टिकणारी तिजोरी पाण्याला टिकतेच असं नाही.

आता खरं काम: जमीन. आम्ही पहारीने कोबा ठोकून पाहिला तर डब डब आवाज आला, खाली भराव बसलेला. मिस्त्री म्हणाला, मागच्या जांभ्याच्या भिंतीत फास्टनर मारू. मारला. पाना फिरवत गेलो तसा बोल्ट आवळायच्या ऐवजी नुसता फिरत राहिला आणि भोकातून तांबडी भुकटी गळायला लागली. फास्टनर आत फुगून चारी बाजूंना दाबतो, तेव्हाच पकडतो. जांभा पडला सच्छिद्र, तो दाबाखाली चुरतो. जांभ्याच्या चिऱ्याच्या भरवशावर तिजोरी जखडू नका. सारवलेल्या जमिनीवर किंवा पातळ कोब्यावर तर नकोच. तीन बाय तीन फुटांचा खड्डा घ्या, वाळवी दिसते का पाहा, खडी घालून धुम्मस करा, वर जाड प्लास्टिक अंथरा म्हणजे खालची ओल चढणार नाही. त्यावर लोखंडी जाळी आणि सहा इंच काँक्रीट, १:२:४. गोणपाट टाकून किमान ७ दिवस पाणी मारा आणि पूर्ण ताकद यायला २८ दिवस द्या. गवंड्याकडून पाणसळ नक्की लावून घ्या. बूड तिरकं राहिलं तर जड दार आपोआप उघडतं नाहीतर मिटतं, आणि कड्या अडतात. तिजोरी या काँक्रीटला जखडायचे बोल्ट समुद्राकाठी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्यावेत. साध्या लोखंडाला खारा वारा दोन पावसाळ्यांत खातो. भोकं तिजोरीच्या बुडाला कारखान्यातूनच पाडलेली असतात, ती वापरा. आजोबांच्या काळातली तिजोरी असेल तर तिच्या अंगात ड्रिल घालूच नका, आतल्या भरावात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

वाट मोजताना तिजोरी हँडलसकट मोजा आणि दार चौकटीच्या आतून. सोपी युक्ती: त्याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून तो ओटीपासून खोलीपर्यंत दोघांनी नेऊन पाहायचा. आमचा खोका माजघराच्या वळणावर अडकला, तेव्हा चौकट काढायची की तिजोरीचं दार, हे घरात बसून ठरवता आलं. (हा खोका आम्ही चौथ्या दिवशी केला. तुम्ही पहिल्या दिवशी करा.)

सामान जमवताना दोन पहारी, सव्वा इंची पाईपचे चार तुकडे, जाड फळ्या, पाचरी, चेन पुली आणि लाद्यांवर घालायला प्लायवूड, एवढं पुरतं. ओटा टेम्पोच्या हौद्याएवढा उंच असेल तर टेम्पो मागे घेत ओट्याला भिडवा आणि मध्ये फळ्या टाका. उचलायचं काम अर्धं संपलं. चढ असेल तर चेन पुली लागेल, आणि ती पडवीच्या खांबाला कधीही बांधू नका. जुना खांब दगडावर नुसता उभा असतो, छपराच्या वजनाने दाबलेला. बाजूला ओढ बसली की निसटतो. आमच्या मुकादमाने आतल्या दाराच्या पलीकडून दीड फुटी भिंतीला टेकवून एक वासा आडवा घातला आणि साखळी दारातून त्याला अडकवली. वासा इंचभरही हलला नाही.

त्या दिवशी फळ्या-कप्पे बाहेर काढून दार कुलूपबंद करा, किल्ली एकाच्याच खिशात. सहा माणसं असली तर वाट्याला पन्नास-पन्नास किलो येतात, हा हिशेब सपाटीवरचा. पायरीवर बहुतेक भार खालच्या दोघांवर येतो, म्हणून उताराच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. पाईप पुढे सरकवताना बोटं खाली घालायची नाहीत, पाईप लाथेने किंवा काठीने. हुकूम एकाचाच. मुकादमाचं म्हणणं, "घाई कशाला, ती काय पळून जातेय?"

बसल्यावर मागे दोन-तीन इंच वारा खेळायला जागा सोडा. आगीच्या तिजोरीच्या भिंतीतच ओल धरून ठेवलेली असते, त्यामुळे सातबारा आणि खरेदीखतं आत मोकळी ठेवली तर बुरशी धरतात. झिपच्या पिशव्या वापरा, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत ठेवायचे. डिजिटल कुलूप असेल तर पावसाळ्याआधी सेल बदला. बोल्ट आवळण्यापूर्वी दार उघडं ठेवूनच कुलूप दहा वेळा चालवून पाहा. आणि इमर्जन्सी किल्ली तिजोरीत ठेवू नका. हसू नका, आमच्या काकांनी ठेवली होती.